इंग्लंडात कमी खर्चात कुठे उतरावे, कसे फिरावे

व्यापार आणि प्रवास यांची जोडी आपल्याला नवी नाही. हजरत मुहम्मद (स.) नुबुव्वतपूर्वी व्यापारी काफिल्याबरोबर शामला गेले होते, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. जकातीच्या हक्कदारांमध्ये मुसाफिराचा वेगळा उल्लेख आहे, कारण परमुलखात चांगला खाऊनपिऊन असलेला माणूसही अडचणीत येतो. म्हणूनच गावोगावी सराया उभ्या राहिल्या, आणि मुंबईत हाजींसाठी मुसाफिरखाने बांधले गेले.

आज आमचे बांधव माल घेऊन नव्हे, तर माल दाखवायला आणि गिऱ्हाईक शोधायला परदेशी जातात. भारत व ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. कापड, चामडे, पादत्राणे अशा मालावरील तिकडचे आयातशुल्क काढण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे मालेगाव, भिवंडी, सोलापूर, कोल्हापूर, मिरज येथील अनेकांच्या मनात इंग्लंडला एक फेरी मारण्याचा विचार येऊ लागला आहे. विचार चांगला आहे. पण लहान व्यापाऱ्याचे पाऊल अडते ते विमानाच्या तिकिटापाशी नाही, तर तिथल्या मुक्कामाच्या खर्चापाशी. म्हणून या पाठात आपण एकच विषय घेऊ: इंग्लंडच्या शहरांत आणि खेड्यांत कमी खर्चात, इज्जतीने आणि दीन सांभाळून कसे राहावे.

आधी हिशेब

समजा, दोन भागीदार दहा रात्रींसाठी गेले. हॉटेलची एक खोली रात्रीला १०० पौंड धरली, तर मुक्कामाचे १,००० पौंड झाले. दोघांनी बाहेर खाल्ले आणि माणशी रोज २५ पौंड लागले, तर जेवणाचे ५०० पौंड. एकूण १,५०० पौंड.

आता तेच दोघे वसतिगृहात उतरले आणि एका खाटेचे २८ पौंड धरले, तर रात्रीला ५६ आणि दहा रात्रींचे ५६० पौंड. तिथल्या स्वयंपाकघरात स्वतः रांधून माणशी रोज १० पौंडांत भागवले, तर जेवणाचे २०० पौंड. एकूण ७६० पौंड. म्हणजे ७४० पौंड वाचले. पौंड अगदी शंभर रुपयांचाच धरला तरी ही रक्कम ७४ हजार रुपये होते. एखाद्या कारागिराचे ते कित्येक महिन्यांचे सूत किंवा चामडे आहे.

हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. खरे दर हंगामाप्रमाणे व वाराप्रमाणे बदलतात. शुक्रवार-शनिवारची रात्र महाग असते, रविवार ते गुरुवार स्वस्त असते. शाळांच्या सुट्ट्यांत आणि मोठ्या प्रदर्शनांच्या दिवसांत दर चढतात. हा नियम ध्यानात ठेवून तारखा ठरवल्या तर निम्मी बचत घरीच होते.

वसतिगृह म्हणजे काय

या कल्पनेचा जन्म जर्मनीत झाला. रिखार्ड शिरमान नावाचा शाळामास्तर १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वादळात सापडला आणि एका शाळेत आश्रय घ्यावा लागला. फिरणाऱ्या गरीब मुलांसाठी ठिकठिकाणी स्वस्त निवारा हवा, हे त्याला तिथे सुचले. १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे वसतिगृह सुरू झाले. इंग्लंड व वेल्समध्ये यूथ होस्टेल्स असोसिएशन ही संस्था १९३० साली स्थापन झाली. गिरण्यांच्या धुरात राबणाऱ्या मजुराला आठवड्यातून एक दिवस तरी मोकळी हवा मिळावी, हा त्यामागचा हेतू होता.

नावात यूथ असले तरी वयाची अट नाही. पांढऱ्या दाढीचे गृहस्थही तिथे उतरतात, मुलेबाळे घेऊन कुटुंबेही येतात. सभासद नसलेल्यालाही जागा मिळते, सभासदाला सवलत मिळते. मोठ्या खोलीत चार, सहा, आठ खाटा एकावर एक अशा असतात. या संस्थेच्या सामायिक खोल्या सहसा पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या असतात. खासगी वसतिगृहांत मात्र स्त्रीपुरुषांची एकच खोली असण्याची चाल आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी हे स्पष्ट विचारावे. घरची मंडळी बरोबर असतील तर वेगळी खोली घ्यावी. पुष्कळ वसतिगृहांत अशा खोल्या आहेत आणि त्यांतील काहींत न्हाणीघरही आतच असते.

काही खासगी वसतिगृहे शहराच्या मध्यभागी दारूच्या गुत्त्याला लागून असतात. तिथे रात्री दोनपर्यंत धिंगाणा चालतो. दर स्वस्त दिसतो, पण सकाळी गिऱ्हाइकापुढे तारवटलेल्या डोळ्यांनी बसावे लागते. दुसरीकडे, उन्हाळी सुट्टीत अनेक विद्यापीठे विद्यार्थ्यांच्या एकेरी खोल्या पाहुण्यांना देतात. एकट्या व्यापाऱ्याला ही सोय फार उपयोगी आहे. खोली साधी, स्वच्छ आणि शांत असते.

जुनी प्रवासपुस्तके पाहून मात्र बेत आखू नये. खर्च वाढल्यामुळे वर सांगितलेल्या संस्थेने २०२३ साली वीस वसतिगृहे विक्रीस काढली. पत्ता छापील असला तरी इमारत दुसऱ्याची झालेली असू शकते.

बरोबर न्यायच्या वस्तू थोड्या आहेत. सामान ठेवायच्या कपाटासाठी स्वतःचे कुलूप न्यावे. टॉवेल न्यावा, कारण चादर-उशी मिळते पण टॉवेल बहुधा मिळत नाही. तिकडच्या भिंतीत बसणारा तीन चौकोनी दांड्यांचा प्लग न्यावा. शौचकुपात पाणी नसते, म्हणून एक प्लॅस्टिकची बाटली किंवा लहान लोटा न्यावा. ही शेवटची वस्तू हसण्यावारी नेणारे दुसऱ्या दिवशी ती शोधत दुकाने हिंडतात.

व्हिसा: काय चालते, काय चालत नाही

भारतीय पासपोर्टधारकाला जाण्यापूर्वी व्हिजिटर व्हिसा घ्यावा लागतो. या व्हिशावर व्यापारी बैठका घेता येतात, सौद्याची बोलणी करता येतात, करारावर सही करता येते, कारखाना पाहता येतो. प्रदर्शनात मालाची जाहिरात करता येते, पण थेट विक्री करता येत नाही. चार चपलांचे जोड रोखीने विकले तर काय बिघडले, असे समजणारा स्वतःच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या धोक्यात घालतो.

दुसरी गोष्ट वसतिगृहाशीच निगडित आहे. काही खासगी ठिकाणी साफसफाई किंवा काउंटरवर बसण्याच्या बदल्यात फुकट खाट देऊ करतात. हात रिकामे असताना मोह होतो. पण पगार नसला तरी ते कामच आहे, आणि व्हिजिटरला काम करण्याची परवानगी नाही. नम्रपणे नाही म्हणावे.

नमुन्याचा माल जास्त असेल आणि परत आणायचा असेल, तर एटीए कार्नेट नावाच्या कागदावर तो नेता येतो. आपल्याकडे फिक्की ही संस्था तो देते. मांस आणि दुधाचे पदार्थ इंग्लंडात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. म्हणून वाळवलेले मटण, खवा, पेढे, बर्फी घरीच ठेवावी. गिऱ्हाइकाला भेट द्यायचीच तर आपल्या हातची वस्तू द्यावी.

आजारपणाचा विमा काढूनच निघावे. परदेशी पाहुण्याला इस्पितळात दाखल व्हावे लागले तर बिल येते, आणि ते सबंध धंद्याला पुरून उरेल एवढे असू शकते.

चूल आपली, हलाल आपले

वसतिगृहाची सर्वांत मोठी बरकत म्हणजे तिथले सामायिक स्वयंपाकघर. शेगडी, भांडी, फ्रीज सगळे असते. आपण आणलेल्या पिशवीवर नाव व तारीख लिहून ती फ्रीजमध्ये ठेवायची, भांडी धुऊन जागेवर ठेवायची, एवढाच नियम. ती भांडी इतरांनी डुकराच्या मांसासाठीही वापरलेली असतात. चांगली घासून-धुऊन घेता येतात, पण मनात खटका राहत असेल तर एक लहान पातेले, एक तवा आणि एक डाव बॅगेत टाकावा. आम्ही तसेच करतो.

लंडनचा व्हाइटचॅपल, बर्मिंगहॅमचा स्पार्कब्रुक व स्मॉल हीथ, मँचेस्टरचा रशोम, तसेच ब्रॅडफर्ड व लेस्टर या ठिकाणी हलाल मांस आणि आपली डाळ, तांदूळ, मसाले सहज मिळतात. दुकानात हलालची पाटी असली तरी प्रमाणपत्र कोणाचे आहे ते पाहावे. जनावराला आधी विजेचा झटका देण्याच्या प्रश्नावर तिथल्या संस्थांमध्ये मतभेद आहेत, आणि म्हणूनच वेगवेगळी प्रमाणपत्रे दिसतात.

खेड्यात गेल्यावर हलाल मांस मिळेल ही आशा ठेवू नये. तिथे अंडी, मासे, डाळ, भाजी यांवर राहावे. तयार तळलेली मासळी आणि बटाटे घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: तळण कशाचे आहे? उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, गाईबैलाच्या चरबीत तळण्याची जुनी रीत आहे. माशाच्या पिठात कधी बिअरही घालतात. जेलीच्या मिठायांमध्ये जिलेटिन असते. पाकिटावर शाकाहारी असे लिहिलेले असेल तर पुष्कळ शंका मिटतात, तरी दारूचा अंश नाही ना, एवढे वाचून घ्यावे.

नमाजच्या वेळा

इंग्लंड आपल्यापेक्षा फार उत्तरेला आहे. लंडनमध्ये जूनअखेर सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो. डिसेंबरअखेर तो चार वाजायच्या आतच बुडतो. हिवाळ्यात जुहर, असर आणि मगरिब चार तासांत येतात. गिऱ्हाइकाची भेट दुपारी दोन ते चार ठरवली तर असर हातची जाते. भेट सकाळी दहाची मागावी. उन्हाळ्याच्या मध्यावर आभाळातला संधिप्रकाश रात्रभर पुरता जात नाही, त्यामुळे इशा व फजरच्या वेळांबाबत ज्या गावात असाल तिथल्या मशिदीचे वेळापत्रक पाळावे. किबला आग्नेय दिशेला येतो. कसर कधी व किती दिवस करावी याबाबत हनफी व शाफई मंडळींनी आपापल्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

वसतिगृहात वुजू करताना पाय बेसिनमध्ये वर घेऊन फरशीवर पाणी सांडू नये. शॉवरखाली वुजू करणे सोयीचे पडते. नमाजला कोपरा हवा असेल तर काउंटरवर विचारावे. रिकामी बैठकीची खोली दाखवतात, असा आमचा अनुभव आहे.

वाट वाकडी करून पाहण्यासारख्या दोन जागा सांगतो. लंडनपासून जवळच वोकिंग येथे १८८९ साली बांधलेली शाहजहान मशीद आहे. मशीद म्हणूनच बांधलेली ती इंग्लंडमधली पहिली इमारत, आणि तिला भोपाळच्या बेगम शाहजहान यांचे नाव व साहाय्य लाभले. दुसरी लिव्हरपूलमधील ब्रॉम टेरेस येथील जागा. अब्दुल्ला क्विलियम या इंग्रज वकिलाने इस्लाम स्वीकारून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मशीद चालवली.

रेल्वे आणि बस

तिथल्या रेल्वेत एकाच गाडीच्या एकाच डब्यात शेजारी बसलेल्या दोघांनी फार वेगवेगळे पैसे भरलेले असतात. आगाऊ काढलेले, ठरलेल्या गाडीचे तिकीट सर्वांत स्वस्त. ते साधारण तीन महिने आधी विक्रीस येते. गर्दीची वेळ टाळून काढलेले मध्यम भावाचे. ऐन वेळी, सकाळच्या गर्दीत काढलेले सर्वांत महाग. तीन ते नऊ जण एकत्र, गर्दीची वेळ टाळून निघाले, तर अनेक मार्गांवर एक तृतीयांश सवलत मिळते. गावातले तिघे व्यापारी एकत्र जाण्याचा हा फायदा आहे.

स्वस्त तिकिटाचा काटाही सांगायला हवा. एकदा आम्ही परतीचे तिकीट दुपारच्या ठरलेल्या गाडीचे काढले. गिऱ्हाईक खूश होते, चहा झाला, दुसरा नमुना मागितला गेला, आणि उठायला अर्धा तास उशीर झाला. गाडी गेली. ते तिकीट पुढच्या गाडीला चालत नाही. नवे तिकीट त्याच खिडकीवर तिपटीहून जास्त पैशांना घ्यावे लागले. तेव्हापासून आमचा नियम असा: जाताना ठरलेल्या गाडीचे, येताना कोणत्याही गाडीला चालणारे.

बसगाड्या रेल्वेपेक्षा सावकाश, पण स्वस्त. इंग्लंडात लंडनबाहेर सरकारने बहुतेक स्थानिक बसचे एकेरी भाडे जानेवारी २०२३ पासून दोन पौंडांच्या आत बांधून दिले, आणि जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा तीन पौंड केली. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. कार्ड टेकवावे लागते. पहिल्या बसमध्ये चढल्यापासून एका तासात दुसरी बस धरली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

एक उदाहरण: बर्मिंगहॅम

बर्मिंगहॅमच्या नॅशनल एक्झिबिशन सेंटरमध्ये दर फेब्रुवारीत भेटवस्तू व घरसामानाचे मोठे प्रदर्शन भरते. स्प्रिंग फेअर हे त्याचे नाव. ज्याला आपला माल तिकडे पाठवायचा आहे, त्याने आधी एकदा नुसते पाहायला जावे. त्या दिवसांत प्रदर्शनाजवळची हॉटेले तोंडाला येईल तो भाव सांगतात. पण प्रदर्शन बर्मिंगहॅम इंटरनॅशनल या रेल्वे स्टेशनला लागूनच आहे. शहरात किंवा कॉव्हेंट्रीत उतरले तर गाडीने पाव तासाच्या आसपास पोहोचता येते. मुक्काम शहरात केला की स्पार्कब्रुकचे जेवण आणि सेंट्रल मशिदीतली नमाज, दोन्ही सोयी मिळतात.

सोनार व जडावकामाच्या बांधवांनी तिथला ज्वेलरी क्वार्टर पाहावा. लहान लहान कारखाने एकाच मोहल्ल्यात एकमेकांना काम देत कसे टिकले, हे तिथे दिसते. इंग्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील कायम संग्रह २००१ पासून विनामूल्य पाहता येतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय कापडाचा मोठा संग्रह आहे. विणकराने तिथे वही घेऊन एक दिवस बसावे.

खेड्यात कशासाठी जावे

व्यापाऱ्याला खेड्यात काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. मँचेस्टर आणि शेफिल्ड यांच्या मधल्या डोंगराळ मुलखाला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. १९५१ साली तो ब्रिटनमधला पहिला राष्ट्रीय उद्यान-प्रदेश झाला. मँचेस्टरहून ईडेल गावाला रेल्वे जाते, आणि त्या भागात कासलटन, ईडेल येथे वसतिगृहे आहेत. या डोंगरांवर पूर्वी जमीनदारांच्या शिकारीसाठी वाटा बंद होत्या. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार किंडर स्काउटच्या डोंगरावर बंदी मोडून चढले, काहींना तुरुंगवास झाला. आज ती वाट सर्वांना खुली आहे.

याच मुलखाला लागून क्रॉमफर्ड येथे रिचर्ड आर्कराइटची १७७१ सालची पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी आहे. लँकेशायरमध्ये बर्न्लीजवळ क्वीन स्ट्रीट मिलमध्ये वाफेवर चालणारे जुने माग अजून आहेत. ते ठराविक दिवशीच दाखवतात. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला त्या मागांचा आवाज ओळखीचा वाटेल. ज्या लँकेशायरच्या कापडाने आमच्या बापजाद्यांचे हातमाग बसवले, त्या लँकेशायरच्या गिरण्याही पुढे बंद पडल्या. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी गेले, तेव्हा लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत किंग्जली हॉलमध्ये राहिले, आणि बेकार गिरणी कामगारांना भेटायला डार्वेनला गेले. मोठा माणूस साध्या जागेत उतरला म्हणून लहान झाला नाही.

खेड्यातल्या दुकानांत दुसरा धडा मिळतो. लेक डिस्ट्रिक्टमधली जाडीभरडी लोकर हर्डविक मेंढीच्या नावाने विकली जाते. माल साधा, पण कोणत्या मुलखाचा ते गिऱ्हाइकाला सांगितले जाते. आमच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली आणि मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण आमच्या किती डब्यांवर ते छापलेले असते?

खेड्यात काही पथ्ये पाळावीत. शेवटची बस संध्याकाळी लवकर जाते आणि रविवारी कुठे कुठे बसच नसते. लहान वसतिगृहांचे काउंटर दुपारी बंद असते, संध्याकाळीच उघडते. चिखलाचे जोडे बाहेरच्या खोलीत काढायचे असतात. शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर फाटक उघडले तर मागे लावून घ्यावे. पावसाचा कोट उन्हाळ्यातही जवळ ठेवावा.

आपल्या दाढीकडे, ओढणीकडे लोक कसे बघतील, ही शंका मनात येते. २०२१ साली नाताळच्या दिवशी मुस्लिम हायकर्स या गटातील शंभरावर मंडळी कासलटनजवळच्या मॅम टोर डोंगरावर गेली, तेव्हा त्यांच्यावर हिणकस शेरे मारले गेले. पण गट थांबला नाही, आणि पाठिंबा देणारेही पुष्कळ निघाले. २०२४ च्या जुलैअखेरीस आणि ऑगस्टमध्ये साउथपोर्टच्या घटनेनंतर दंगली झाल्या, मशिदींवर दगडफेक झाली. दुसऱ्याच दिवशी तिथले शेजारी मशिदीची भिंत पुन्हा बांधायला आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वातावरण तापलेले दिसले तर जवळच्या मशिदीत चौकशी करावी आणि रात्री एकटे फिरू नये. एरवी सलाम, हसरा चेहरा आणि रांगेची शिस्त पुरते.

पैसे सांभाळताना

बँक ऑफ इंग्लंडच्या कागदी नोटा आता दुकानात चालत नाहीत. वीस व पन्नास पौंडांच्या कागदी नोटांची मुदत ३० सप्टेंबर २०२२ रोजी संपली. इकडे कोणी जुन्या नोटा स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नयेत. आधी भरणा केलेले परकीय चलनाचे कार्ड वापरावे. उधारीचे कार्ड वापरून बिल थकले की व्याज लागते, आणि त्यातून आपल्याला दूर राहायचे आहे. परतताना विमानतळावर व्हॅटचे पैसे परत मिळतील, हा जुना सल्लाही सोडून द्यावा. इंग्लंडात १ जानेवारी २०२१ पासून ती सवलत बंद झाली आहे.

निघण्यापूर्वी स्वतःला विचारा

१. माझ्या तारखांत शुक्रवार-शनिवारच्या किती रात्री आहेत? त्या टाळता येतील का?
२. खोली कोणाबरोबर वाटून घ्यायची आहे, हे मी विचारले आहे का?
३. परतीचे तिकीट गाडी चुकली तरी चालेल असे आहे का?
४. जिथे उतरणार तिथून मशीद व हलाल दुकान किती दूर?
५. माझ्या व्हिशावर काय करता येते, हे मी स्वतः वाचले आहे, की एजंटाने सांगितले म्हणून मान्य केले आहे?

या पाचांची उत्तरे वहीत लिहून काढावीत. ज्याची उत्तरे तयार आहेत, तो कमी पैशांतही निर्धास्त निघतो. वाचलेले पौंड मालाच्या दर्जावर आणि कारागिराच्या मजुरीवर खर्च व्हावेत, तरच या काटकसरीला बरकत आहे. अल्लाह आपल्या सर्वांचा सफर सोपा करो आणि रोजी हलाल ठेवो.